कथा शिकवणाऱ्यांना एका कथालेखिकेचं खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
मराठी अभ्यास मंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे

विषय : सर्जनशील लेखनाच्या अभ्यासपत्रिका, कथा-कादंबरीचं अध्यापन आणि लेखकाचे हक्क

स. न. वि. वि.

राज्य शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयानंतर पदवीचे आराखडे बदलले. मेजर, मायनर, ओई (खुला ऐच्छिक विषय), व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), एसईसी (कौशल्यवर्धन) अशा उभ्या रकान्यांत विषयांची मांडणी झाली आणि त्यातल्या कौशल्याच्या रकान्यांत बऱ्याच मंडळांनी कथालेखन, सर्जनशील लेखन, पटकथालेखन, मुद्रितशोधन अशा अभ्यासपत्रिका आणल्या. लेखन ही शिकण्याची गोष्ट आहे हे मराठी विभागांनी कागदोपत्री मान्य केलं, याचं मला मनापासून स्वागत करायचं आहे. पण यातले बरेच आराखडे उघडून पाहिले की घटक पहिला : 'कथा : संकल्पना, व्याख्या व स्वरूप'. घटक दुसरा : 'कथेचे घटक'. मग सत्रान्त परीक्षेत 'कथेचे घटक सविस्तर स्पष्ट करा' आणि 'टिपा लिहा (कोणत्याही दोन)'. म्हणजे एकही कथा न लिहिता विद्यार्थी कथालेखनाचे क्रेडिट घेऊन बाहेर पडतो. पोहण्याच्या परीक्षेत पाण्याचे गुणधर्म विचारावेत, तसं हे झालं.

मी कथा-कादंबऱ्या लिहिते आणि मराठीच्या वर्गांत शिकवलंही आहे. त्यामुळे माझा आक्षेप बाहेरून मारलेला खडा नाही. आक्षेप एकच आहे, बाकीचे सगळे त्याच्या पोटातले. कथा ही घडवलेली वस्तू आहे. कुणीतरी ती लिहितं, खोडतं, परत लिहितं; कुणीतरी संपादन करतं, कुणी छपाईच्या सोळा-सोळा पानांच्या फॉर्मात बसवतं, कुणी छापतं, कुणी विकतं, आणि या प्रत्येक टप्प्याच्या खुणा तिच्या अंगावर उरतात. तुमच्या अभ्यासक्रमात मात्र ती आयती अवतरते, लेखक, संपादक आणि छापखाना मागे न ठेवता. मग तिच्यावर शिक्के मारायचे एवढंच काम उरतं : ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, महानगरी.

आधी तासांचा हिशेब मांडते. दोन क्रेडिटची थिअरी म्हणजे 30 तास. वर्गात 60 मुलं आहेत असं धरा. प्रत्येकाची एकच गोष्ट, दीड-दोन हजार शब्दांची, बाकीच्यांनी आधी घरून वाचून आणलेली, आणि तिच्यावर वर्गात अर्धा तास चर्चा. झाले 30 तास. एकही व्याख्यान नाही, एकही नमुन्याची कथा नाही, पुनर्लेखनाला एक मिनिट नाही आणि सत्र संपलं. लेखन शिकलं जातं ते दुसऱ्या आणि तिसऱ्या खर्ड्यात. तिथपर्यंत आपण पोचतच नाही.

तीच अभ्यासपत्रिका प्रात्यक्षिक म्हणून मंजूर केली तर क्रेडिटला 30 तास या हिशेबाने 60 तास मिळतात आणि विज्ञान शाखेसारख्या तुकड्या पाडता येतात. 15 जणांच्या तुकडीत चर्चेची एक फेरी साडेसात तासांत होते. तीन खर्ड्यांच्या तीन फेऱ्या, साडेबावीस तास. उरलेल्या साडेसदतीस तासांत वाचन, छोटे सराव आणि संपादन. मात्र 60 मुलांच्या चार तुकड्या म्हणजे एका शिक्षकाचे 240 तास होतात आणि असा कार्यभार कुणी मंजूर करणार नाही, हे मलाही कळतं. म्हणून प्रवेशमर्यादा 30 ठेवा. दोन तुकड्या, 120 तास. बाकीच्यांसाठी कथास्वादाची वेगळी थिअरी ठेवा आणि तिला 'लेखन' म्हणू नका.

ही फेरी कशी चालवायची हेही आराखड्यात लिहावं लागेल, कारण नुसतं 'कार्यशाळा घ्यावी' म्हटलं की पाहुणे वक्ते, हार आणि आभारप्रदर्शन होतं. खर्डा आठवडाभर आधी सगळ्यांच्या हातात पडला पाहिजे. चर्चा चालू असताना लिहिणाऱ्याने गप्प बसायचं. वाचणाऱ्यांनी चांगलं-वाईट म्हणण्याआधी गोष्टीत काय घडलं ते सांगायचं. पाच जणांनी पाच वेगळ्या घटना सांगितल्या तर गोंधळ कुठे आहे ते लिहिणाऱ्याला न सांगता कळतं. मग प्रत्येकाने एकच जागा दाखवायची, जिथे वाचताना लक्ष उडालं. शेवटी लिहिणाऱ्याचे दोन प्रश्न. पुढच्या आठवड्यात नवा खर्डा आणि सोबत पानभर टिपण : काय बदललं, काय मुद्दाम तसंच ठेवलं, का.

हे बिघडतं ते साधारण तीन प्रकारांनी. वर्ग एकमेकांना 'छान लिहिलंय' म्हणत राहतो. शिक्षक मुलाची गोष्ट स्वतःच्या शैलीत पुन्हा लिहून देतात आणि ती खरंच आधीपेक्षा बरी होते, म्हणून कुणी तक्रार करत नाही. किंवा पहिल्या खर्ड्यावरच ऱ्हस्व-दीर्घाचं लाल पेन फिरतं. शुद्धलेखन तिसऱ्या खर्ड्याला तपासा. जो परिच्छेद उद्या निघूनच जाणार आहे त्यातल्या वेलांट्या सुधारून काय मिळणार?

गुणांचं वाटपही त्यावरून ठरवता येतं. 50 पैकी 10 पहिला खर्डा वेळेवर दिल्याचे, मग तो कितीही कच्चा असो, 15 पुनर्लेखनाचे, 10 दुसऱ्यांच्या खर्ड्यांवर लिहिलेल्या शेऱ्यांचे, 15 अंतिम कथेचे. यात एक फायदा आपोआप होतो. यंत्राकडून आयती गोष्ट काढून आणणाऱ्याला तीन खर्ड्यांमधला प्रवास आणि त्यामागची कारणं दाखवणं जड जातं. अशक्य नाही, पण जड जातं.

आता कथेच्या आत काय शिकवायचं ते. कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, भाषाशैली ही पाच नावं पाठ करून कुणाला लिहिता येत नाही, आणि खरं सांगायचं तर वाचताही येत नाही. नवशिक्याचे खर्डे कुठे फसतात ते पाहिलं तर शिकवण्याजोगी खरी यादी सापडते.

पहिली जागा नजरेची. गोष्ट सुमनच्या बाजूने चालली आहे, तिला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं आहे, आणि परिच्छेदाच्या मध्येच 'तिच्या सासऱ्यांना मनातून अपराधी वाटलं' असं वाक्य येतं. सुमनला हे कसं कळलं? सर्वज्ञ निवेदक हवा असेल तर तो पहिल्या पानापासून हवा. तीन पानांनंतर तो उगवला तर वाचकाचा धरलेला हात सुटतो.

दुसरी जागा खास मराठीची आहे आणि ती मला कुठल्याच आराखड्यात दिसत नाही. मराठीत प्रथमपुरुषी निवेदकाला पहिल्याच अकर्मक भूतकाळी क्रियापदात आपलं लिंग सांगावं लागतं : 'मी उठलो' किंवा 'मी उठले'. ते लांबवायचं असेल तर 'मी दार उघडलं' अशा सकर्मक क्रियापदांवर भागवावं लागतं, नाहीतर वाक्याचा कर्ता बदलावा लागतो. 'मला जाग आली', 'मला दिसलं', 'माझ्या हातून कप निसटला'. पण या रचनेची किंमत असते. अशी दहा वाक्यं सलग आली की निवेदक काही करेनासा होतो, त्याच्यावर सगळं नुसतं घडत राहतं. कधी हेच हवं असतं, कधी यानेच कथा झोपते. व्याकरण आणि कथनतंत्र जिथे एकमेकांना भिडतात ती ही जागा. मराठी विभागाखेरीज ती कोण शिकवणार?

तसंच अरे-तुरे आणि अहो-जाहो. नवरा-बायको, मालक-गडी, सासू-सून यांच्यातलं नातं कुठे वळलं हे दोन पानं समजावून सांगण्याऐवजी एका 'अहो'चा 'अरे' होऊन सांगता येतं. आणि बोलीचा प्रश्न : संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं, की निवेदक पात्रांपासून काही अंतरावर, बहुधा जरा वरच्या पायरीवर उभा राहतो. ते अंतर लेखकाला हवं होतं का, की सवयीने आलं? आपण वर्गात मात्र 'बोलीचा प्रभावी वापर' एवढं लिहून पाच गुण देतो.

बाकीच्या खोड्या भराभर सांगते. 'तेवढ्यात', 'इतक्यात', 'अचानक' यांच्या खांद्यावर चाललेली गोष्ट. तिथे घटनेला कारण नसतं, फक्त वेळ असते. दहा वर्षं एका ओळीत आणि चहा दोन पानं. शेवटी स्वप्न, अपघात, आत्महत्या किंवा कपाटात सापडलेलं पत्र. एका तुकडीत यातले चारही शेवट मिळतात, पैज लावा.

हे सगळं परीक्षेतही तपासता येतं. चारशे शब्दांचा न नेमलेला उतारा द्या आणि विचारा : हे कोण सांगतं आहे? उताऱ्यात किती काळ जातो? नजर कुठल्या वाक्यात सरकली? तिसरा परिच्छेद काढला तर काय कळेनासं होईल? या प्रश्नांचं गाइड निघू शकत नाही. आज नेमलेल्या कादंबरीचं गाइड कादंबरीपेक्षा आधी दुकानात मिळतं आणि त्यातला सारांश वाचून उत्तीर्ण होता येतं, याचा दोष विद्यार्थ्यांच्या आळसावर ढकलणं सोपं आहे. प्रश्नपत्रिका तशा आहेत म्हणून गाइड खपतात.

इतिहास शिकवतानाही छापखाना वगळला जातो. मराठी कादंबरीची सुरुवात 1857 च्या 'यमुनापर्यटन'पासून सांगितली जाते, मग हरिभाऊ आपटे येतात. पण हरिभाऊंनी 1890 मध्ये सुरू केलेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः येत होत्या, याचा त्यांच्या लांबीशी, पुनरुक्तीशी, 'वाचकहो' म्हणून मध्येच थांबण्याशी काय संबंध, हा प्रश्न क्वचित विचारला जातो. आठवड्याला वाट पाहणारा वाचक धरून ठेवायचा असेल तर कथानक वेगळं बांधावं लागतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या परंपरेने मराठी कथेला वर्षातून एकदा येणारी मोठी बाजारपेठ दिली. आपली दीर्घकथा या अंकांच्या पानांवर पोसली गेली. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांशी खर्ड्यांबद्दल पत्रव्यवहार करत, कथा परत पाठवत, पुन्हा लिहायला सांगत. नवकथा शिकवताना आपण जाणिवा शिकवतो. संपादकाचा हात शिकवत नाही.

आता जरा रुक्ष भागाकडे. तुम्ही पुस्तकं नेमता त्या पद्धतीबद्दल.

पुस्तक नेमण्याआधी ते बाजारात आहे का, हे प्रकाशकाला विचारायला हवं. ते होत नाही. जूनमध्ये सत्र सुरू होतं, पुस्तक संपलेलं असतं, पुनर्मुद्रणाला कागद, छपाई, बांधणी धरून काही आठवडे जातात, तोवर अंतर्गत परीक्षा येते आणि मुलं गाइडकडे वळतात. आणि प्रकाशकाने धाडस करून दोन हजार प्रती काढल्याच, तर अभ्यासक्रम कधी बदलेल हे त्याला माहीत नसतं. उरलेला गठ्ठा गोदामात पडतो आणि पुढच्या वेळी तो प्रकाशक नेमलेल्या पुस्तकालाही हात लावत नाही. जानेवारीपर्यंत यादी, अंदाजे विद्यार्थिसंख्या आणि पुस्तक किती वर्षं राहणार हे जाहीर केलं तर यातलं बरंचसं टळेल.

दुसरं, संपादित संग्रह. हक्क जिवंत असलेल्या लेखकांच्या आठ-दहा कथा निवडायच्या, प्रस्तावना जोडायची आणि एखाद्या प्रकाशकाकडून विक्रीसाठी पुस्तक काढायचं, ही पद्धत रुळली आहे. 'शैक्षणिक उपयोगासाठी आहे, परवानगी लागत नाही' असं त्यावर सांगितलं जातं. कॉपीराइट कायदा, 1957 असं म्हणत नाही. कलम 52(1)(ह) ची सवलत अरुंद आहे : संग्रह मुख्यतः हक्कमुक्त मजकुराचा हवा, तो शिक्षणासाठी असल्याचं शीर्षकात आणि जाहिरातीत म्हटलेलं हवं, हक्क असलेल्या साहित्यातून फक्त छोटे उतारे घेता येतात, आणि एकाच प्रकाशकाने पाच वर्षांत एका लेखकाचे दोनपेक्षा जास्त उतारे घ्यायचे नाहीत. पूर्ण कथा म्हणजे छोटा उतारा नव्हे. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या आरंभापासून 60 वर्षं हक्क राहतो. त्या मुदतीबाहेरचं साहित्य खुशाल घ्या.

झेरॉक्सबद्दल माझी तक्रार नाही, हे मुद्दाम नोंदवते. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने काढलेल्या प्रतींना त्याच कलमात वेगळी मोकळीक आहे, आणि दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स केंद्राच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 मध्ये तिचा अर्थ व्यापक लावला. गरीब मुलाने कथा झेरॉक्स करून वाचली तर लेखकाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते कथा विकली जाते आणि लेखकाला पत्रसुद्धा जात नाही तेव्हा.

तिसरं, कापाकापी. पाठ्यपुस्तकात उतारा घेताना शिव्या जातात, बोलीतली रूपं प्रमाण होतात, शेवटचा परिच्छेद 'जागेअभावी' गळतो. कापलं तिथे तीन ठिपकेही नसतात. कलम 57 खाली लेखकाला आपल्या कृतीच्या अशा विपर्यासाला हरकत घेता येते ज्याने त्याच्या नावाला बाध येतो, आणि हा हक्क कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यावरही राहतो. पण कायदा बाजूला ठेवा. ज्या कथेचा शेवट तुम्ही काढून टाकला, तिचा 'शेवट परिणामकारक आहे का' असा प्रश्न त्याच पुस्तकाच्या स्वाध्यायात असेल तर विद्यार्थ्याने काय लिहावं?

मुद्रितशोधनाच्या अभ्यासपत्रिकेत खुणा पाठ करून घेतल्या जातात. खऱ्या प्रुफाचा गठ्ठा द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार आणि अर्धा ऱ्य कसे फुटतात, 'आचाऱ्यांना' जेवणाचे पैसे द्यायचे असताना ते 'आचार्यांना' कसे जातात, हे हातात कागद असल्याशिवाय कळत नाही. एक फॉर्म सोळा पानांचा, बारा फॉर्मांची कादंबरी 192 पानांची. शेवटच्या प्रुफाला लेखकाने दोन परिच्छेद घातले आणि मजकूर 193 व्या पानावर सांडला की काय होतं, हे शिकवायला एक तास पुरतो.

आणि करार. कौशल्य शिकवायचं तर हे पहिलं कौशल्य. मराठीत कितीतरी पुस्तकं तोंडी शब्दावर किंवा पानभर पत्रावर निघतात. कलम 19 नुसार हक्क देण्याचा व्यवहार लेखी आणि सही केलेला हवा. त्यात कुठली कृती, कुठले हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशात आणि मोबदला किती, हे यायला हवं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही म्हटलेलं नसेल तर तो परत येतो. हे किती मराठी लेखकांना ठाऊक आहे? आणि जे मराठीत एम. ए. होऊन लिहू लागतात त्यांना तुमच्याकडून कळलं नाही तर कुठून कळणार?

मानधनाची मेख टक्क्यात नसते, टक्के कशावर यात असते. 300 रुपयांच्या पुस्तकावर छापील किमतीच्या 10 टक्के म्हणजे प्रतीमागे 30 रुपये. तेच 10 टक्के 'प्रत्यक्ष मिळालेल्या रकमेवर' असं लिहिलं आणि विक्रेत्याला 40 टक्के सूट दिली, तर 180 रुपयांवर 18 रुपये. पाचशेच्या आवृत्तीवर 15,000 आणि 9,000 इतका फरक एका शब्दप्रयोगात लपतो. ई-बुक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, नाट्य-चित्रपट रूपांतर हे हक्क 'सर्व हक्क' या दोन शब्दांत जातात ते वेगळंच.

आता तुमच्याच विभागांतल्या लिहित्या माणसांबद्दल. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांत प्राध्यापकांच्या निवडी-बढतीत धरल्या जाणाऱ्या संशोधन-गुणांचा तक्ता आहे. भाषा विषयात मान्य नियतकालिकातल्या शोधनिबंधाला 10 गुण. पुस्तकाच्या अनुवादाला 8. राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला 10. कादंबरी किंवा कथासंग्रह यांचं नाव तक्त्यात नाही. 'लिहिलेली पुस्तके' या ओळीत ती बसवता येतात, पण बसवायची की नाही हे छाननी करणाऱ्यांच्या मर्जीवर राहतं, आणि मर्जी बहुधा 'हे संदर्भग्रंथ नाहीत' इथे थांबते. परिणाम असा की एखाद्या कादंबरीवर बारा पानांचा लेख लिहिणाऱ्याचे 10 गुण पक्के, तिचा अनुवाद करणाऱ्याचे 8 पक्के आणि ती लिहिणाऱ्या प्राध्यापकाला तिचं पुस्तक असणं सिद्ध करावं लागतं. मग माणसं कथा बाजूला ठेवतात आणि 'अमुक यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रीप्रतिमा' लिहितात. अशा निबंधांची भरताड कशी झाली हे तुम्ही माझ्यापेक्षा जवळून पाहिलं आहे.

तक्ता आयोगाचा आहे, मंडळाचा नाही, हे मान्य. पण आयोगाने 2025 मध्ये मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी बंद केल्यावर नियतकालिकांचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी संस्थांवर आली आहे. त्याच धर्तीवर सर्जनशील पुस्तकाचे निकष मराठी मंडळांनी विद्या परिषदेकडे सुचवावेत. प्रकाशकाने लेखकाकडून पैसे घेतले नसावेत, पुस्तकाला संपादक असावा, दोन बाहेरच्या वाचकांचे लेखी अभिप्राय असावेत. एवढं पुरे आहे. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, हा निकष ठेवू नका. तो आपल्याकडे विनामूल्य मिळतो आणि त्याचा दर्जाशी काही संबंध नाही.

पीएच.डी.लाही हेच लागू आहे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात लेखन कार्यशाळा 1936 पासून रीतसर चालते. कथासंग्रह प्रबंध म्हणून स्वीकारण्याची कल्पना तिथे जुनी आहे. आपल्याकडे कादंबरी आणि सोबत तिच्या रचनेचं दीडशे पानी विवेचन असा प्रबंध का चालू नये, याचं कारण 'अशी तरतूद नाही' याखेरीज मी ऐकलेलं नाही. रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ नव्याने सुरू झालं आहे. त्याला जुन्या सवयींचं ओझं नाही, निदान तिथे तरी तरतूद व्हावी.

लेखक-भेटीच्या कार्यक्रमांबद्दल एवढंच : शाल, श्रीफळ आणि 'लेखनामागची प्रेरणा' पुरे. लेखकाला बोलवायचं तर त्याला एका कथेचे तीन खर्डे घेऊन यायला सांगा, ते पडद्यावर लावा आणि काय खोडलं ते विचारा. आणि त्या तासाचं मानधन द्या, जसं बहिःस्थ परीक्षकाला देता.

तर मागण्या अशा :

1. 'लेखन' असं नाव असलेली प्रत्येक अभ्यासपत्रिका प्रात्यक्षिक म्हणून मंजूर करावी. तुकडी 15 ची, प्रवेशमर्यादा 30, मूल्यमापन खर्ड्यांवर. सत्रान्त लेखी परीक्षा नको.

2. कथा-कादंबरीच्या थिअरी प्रश्नपत्रिकेत किमान 30 टक्के गुण न नेमलेल्या उताऱ्यावर असावेत.

3. नेमलेल्या पुस्तकांची यादी, अंदाजे विद्यार्थिसंख्या आणि मुदत जानेवारीअखेर जाहीर करावी. जे पुस्तक छापील स्वरूपात मिळत नाही आणि मिळण्याची लेखी हमी नाही, ते नेमू नये.

4. संपादित संग्रहासाठी प्रत्येक हक्कधारकाची लेखी परवानगी आणि ठरलेला मोबदला यांशिवाय मंडळाने पुस्तकाला मान्यता देऊ नये. उताऱ्यात काटछाट केली असेल तर ती पानावर दिसावी, आणि हयात लेखकाला छपाईआधी दाखवावी.

5. प्रकाशनव्यवहाराचा घटक कौशल्याच्या अभ्यासपत्रिकेत घ्यावा : कराराचं वाचन, मानधनाचा हिशेब, प्रूफ, फॉर्म. किमान दहा तास.

6. सर्जनशील पुस्तकाचे निकष आणि सर्जनशील प्रबंधाची तरतूद यांचा ठराव विद्या परिषदेकडे पाठवावा.

7. मंडळावर बाहेरचे तज्ज्ञ घेताना समीक्षकांइतकंच लिहिणाऱ्यांना आणि पुस्तकांवर काम करणाऱ्या संपादकांना स्थान द्यावं.

यातल्या दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मागणीला नवा पैसा लागत नाही, वरिष्ठ प्राधिकरणाची वाट पाहावी लागत नाही. त्या पुढच्याच बैठकीत मार्गी लागू शकतात. पहिलीला कार्यभाराचा प्रश्न आहे आणि तो अवघड आहे. म्हणून ती आधी दोन-तीन महाविद्यालयांत एक वर्ष चालवून पाहावी, आणि काय जमलं, काय फसलं याचा अहवाल सगळ्या मंडळांना द्यावा. खर्ड्यांच्या मूल्यमापनाचा तक्ता, परवानगीपत्राचा नमुना आणि न नेमलेल्या उताऱ्यांवरच्या वीस प्रश्नांचा संच मी कुठल्याही मंडळाला करून द्यायला तयार आहे.

हा विषय आगामी बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, आणि जो काही निर्णय होईल, नकार असला तरी, तो कारणांसह इतिवृत्तात नोंदवून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावा, ही विनंती.

कळावे,

आपली,
एक कथालेखिका